उत्तम ध्वनिमुद्रणाचे जॅझ अल्बम आणि नागपूरची खोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेकॉर्डिंग चांगलं आहे हे कानानं कसं ओळखायचं?

वाद्य कशाचं बनलंय ते कळलं पाहिजे, ही पहिली कसोटी. डबल बास म्हणजे मोठं लाकडी खोकं आणि त्यावर ताणलेल्या जाड तारा. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये आधी बोटाचा तारेवरचा ओढा ऐकू येतो, मग तारेचा सूर आणि त्यामागून खोक्याची गुंज. वाईट रेकॉर्डिंगमध्ये नुसतं 'धुम्म' येतं. सिम्बलवर काठी पडली की आधी लाकडाची टकटक आणि मग काशाचा झंकार यायला हवा, आणि तो झंकार सावकाश विरायला हवा. स्नेअर या ड्रमवर तारांचा ब्रश फिरतो तेव्हा त्यातल्या बारीक तारा जाणवाव्यात. स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी सरसर ऐकू आली तर वरचे सूर हरवले आहेत. तबल्याची चाट, लव आणि शाई यांचे बोल वेगळे ओळखणाऱ्या कानाला यात नवं काहीच नाही. तेच लक्ष इथे द्यायचं.

ऑस्कर पीटरसन यांच्या त्रिकुटाचा 'वी गेट रिक्वेस्ट्स' (१९६४) घ्या आणि त्यातलं 'यू लुक गुड टू मी' लावा. सुरुवातीला रे ब्राउन डबल बास गजानं वाजवतात. त्या वेळी सारंगीसारखी राळेची खरखर सुरात मिसळलेली ऐकू यायला हवी. पुढे ते बोटांवर येतात. तिथे प्रत्येक सुराचं वजन साधारण सारखं लागलं पाहिजे. एखादाच सूर फुगून अंगावर येत असेल तर अल्बमला दोष देऊ नका, तो तुमच्या खोलीचा आहे. त्याचं उत्तर पुढे दिलंय.

पहिले चार-पाच अल्बम कुठले घ्यावेत?

वरचा 'वी गेट रिक्वेस्ट्स', माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९), 'आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन' (१९५७), बिल एव्हन्स त्रिकुटाचा 'वॉल्ट्झ फॉर डेबी' (१९६१ चं रेकॉर्डिंग) आणि 'जॅझ ॲट द पॉनशॉप' (१९७६ चं रेकॉर्डिंग). निव्वळ आवाज बघायचा तर शेवटचा आधी लावा. संगीतासाठी मात्र 'वॉल्ट्झ फॉर डेबी'ला तोड नाही.

'काइंड ऑफ ब्लू'च्या ढीगभर आवृत्त्या दिसतात. कुठली निवडावी?

वेग दुरुस्त केलेली, म्हणजे १९९७ ची किंवा तिच्यावरून पुढे निघालेली. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत झाला. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूची 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' ही तिन्ही गाणी कित्येक वर्षं चढ्या सुरातच विकली गेली. शेजारी जादा म्हणून लावलेलं दुसरं मशीन बरोबर वेगात होतं. दुरुस्ती त्याच्या टेपवरून झाली.

तुमच्याकडची प्रत कुठली हे घरीच तपासता येतं. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप उघडा, षड्ज पांढरी दोनवर ठेवा आणि 'सो व्हॉट' लावा. ही चीज पांढरी दोनच्या षड्जावर काफी थाटाच्या स्वरांत चालते, मधला भाग अर्धा स्वर वर काळी दोनवर जातो आणि परत येतो. दुरुस्त प्रतीत षड्ज तानपुऱ्याला लागतो. जुन्या प्रतीत तो स्पष्ट चढा, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी राहतो.

पन्नास-साठच्या दशकातलं रेकॉर्डिंग आजच्यापेक्षा सरस कसं असू शकतं?

सगळे वादक एका खोलीत एकत्र वाजवत होते, माइक मोजके होते, टेपवर दोन किंवा तीनच ट्रॅक (आवाज वेगवेगळे भरायच्या पट्ट्या) होते. नंतर दुरुस्त करू म्हणण्याची सोय फारशी नव्हती, म्हणून आवाजाचा तोल माइकची जागा आणि वादकाचं अंतर यांतूनच साधावा लागे. व्हॉल्व्हचे कंडेन्सर माइक तेव्हाच उत्तम बनत होते, आजही स्टुडिओवाले ते जपून वापरतात. खोल्याही तशा होत्या. ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ म्हणजे उंच छताचं जुनं चर्च. डेव्ह ब्रूबेक यांच्या 'टाइम आउट'मध्ये (१९५९) पाच मात्रांच्या 'टेक फाइव्ह'मधलं जो मोरेलो यांचं ड्रमवादन ऐका. प्रत्येक थाप वाजल्यावर ती खोली भरून परत येताना ऐकू येते. या आणि 'काइंड ऑफ ब्लू' या दोन्ही अल्बमांचे ध्वनिमुद्रक फ्रेड प्लाउट.

सत्तरच्या दशकात उलट झालं. वादक वेगवेगळ्या बंदिस्त कोपऱ्यांत बसले, ट्रॅक वाढले आणि डबल बासला माइकऐवजी पिकअप (वाद्यालाच लावलेला आवाज टिपणारा तुकडा) लावून आवाज थेट टेपवर जाऊ लागला. म्हणून त्या काळातल्या बऱ्याच अल्बमांत बास रबरी लागतो. नव्वदनंतरच्या काही सीडींमध्ये तर आवाज मोठा करण्याच्या नादात हळू आणि जोरकस यांतला फरकच दाबून टाकला. रेकॉर्डिंग तेच असूनही नवी प्रत जुनीपेक्षा वाईट वाजते, ती यामुळे.

सॅक्सोफोन एका स्पीकरमध्ये आणि ड्रम-बास दुसऱ्यात येतो. सिस्टिम बिघडली का?

नाही. सुरुवातीच्या स्टिरिओत अशी सरळ विभागणी सर्रास होती. 'आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन' तसाच आहे: एकीकडे पेपर यांचा सॅक्सोफोन, दुसरीकडे रेड गारलँड (पियानो), पॉल चेंबर्स (बास) आणि फिली जो जोन्स (ड्रम). कंटेम्पररी कंपनीच्या लॉस एंजेलिसमधल्या गोदामवजा खोलीत रॉय डुनान यांनी १९ जानेवारी १९५७ रोजी तो टिपला, आणि वाद्यांचा इतका कोरा, जवळचा आवाज त्यानंतरही फार थोड्यांना साधलाय. स्पीकरवर हे सहज खपतं, कारण दोन्ही कानांना दोन्ही आवाज पोचतात. हेडफोनवर मात्र डोकं जड होतं. ॲपमध्ये 'क्रॉसफीड'ची (एका बाजूचा आवाज थोडा दुसरीकडे मिसळण्याची) सोय असेल तर चालू करा किंवा मोनो (दोन्हीकडे एकच आवाज असलेली) आवृत्ती शोधा.

ब्लू नोट या जॅझ कंपनीचे अल्बम इतके नावाजलेले, मग पियानो कोंदट का?

ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यांची ती ओळखच आहे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि सिम्बल ते अगदी समोर आणून ठेवत, पियानो मात्र बंद पेटीतून आल्यासारखा लागे. जुलै १९५९ पर्यंत ते न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करत. पुढे एंगलवुड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्टुडिओ बांधला. फरक ऐकायचा असेल तर कॅननबॉल ॲडरली यांचा 'समथिन एल्स' (१९५८, हॅकेनसॅक) आणि ऑलिव्हर नेल्सन यांचा 'द ब्लूज अँड द ॲबस्ट्रॅक्ट ट्रुथ' (१९६१, एंगलवुड क्लिफ्स) लागोपाठ लावा. दुसऱ्यात वाद्यांभोवती हवा आहे. एलपी घ्यायची तर २०१९ पासून निघत असलेली 'टोन पोएट' मालिका मूळ टेपवरून काढलेली आहे आणि छपाईही चोख.

लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये ग्लास, कुजबुज ऐकू येते. तो दोष नाही का?

'वॉल्ट्झ फॉर डेबी' २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात टिपला गेला. 'माय फूलिश हार्ट'मध्ये पॉल मोशन यांचे ब्रश चालू असताना मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांचं बोलणं आहे. ते खोलीच्या मागच्या बाजूला, वाद्यांपासून वेगळ्या अंतरावर ऐकू आलं तर तुमची सिस्टिम खोली नीट दाखवतेय असं समजा. किणकिण आणि सिम्बल एकाच पातळीवर चिकटून आले तर स्पीकरची जागा बदलून बघा. बासवर स्कॉट लाफारो आहेत. या रेकॉर्डिंगनंतर ११ दिवसांनी ते मोटार अपघातात गेले. पियानोच्या मागे न चालता त्याच्याशी बोलणारा असा बास फार कमी ठिकाणी इतका स्वच्छ सापडतो.

'जॅझ ॲट द पॉनशॉप' स्टॉकहोमच्या स्टाम्पेन क्लबात डिसेंबर १९७६ मध्ये गर्ट पाल्मक्रांट्झ यांनी नाग्रा टेप मशीनवर टिपला. आर्ने डोमनेरस यांचं सॅक्सोफोन-क्लॅरिनेट आणि लार्स एरस्ट्रँड यांचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) ऐका. टाळ्या तुमच्या बाजूनं आणि वाद्यं समोरून आल्यासारखी वाटतात.

जॅझ अजून कानाला परकं वाटतं. ओळखीच्या वाद्यांनी सुरुवात करता येईल का?

ईसीएम कंपनीचा 'मेकिंग म्युझिक' (१९८७) घ्या. उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला, पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, जॉन मॅकलॉफ्लिन यांची गिटार आणि यान गारबारेक यांचा सॅक्सोफोन, ध्वनिमुद्रण ऑस्लोचं. डग्ग्याची घसीट खालपर्यंत सलग उतरते का आणि बासरीत सुराआधीची फुंक वेगळी कळते का, ते बघा. आपल्याकडच्या रेकॉर्डिंगच्या मानानं तबला जरा लांब आणि गुंजेत बसलेला वाटेल. ईसीएमची तीच धाटणी आहे.

याच कंपनीच्या 'कल्न कॉन्सर्ट'बद्दल (२४ जानेवारी १९७५) तक्रार येते की बास हलका आहे. तो पियानोच तसा होता. त्या रात्री कीथ जॅरेट यांच्या वाट्याला लहान, खालच्या सुरांत अशक्त आणि वरच्या सुरांत पत्र्यासारखा वाजणारा बोझेनडॉर्फर आला, म्हणून ते बहुतेक मधल्या सप्तकांत राहिले. टोन कंट्रोल फिरवून हे भरून निघत नाही.

गाण्याचे अल्बम?

एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा 'एला अँड लुई' (१९५६), पॅट्रिशिया बार्बर यांचा 'कॅफे ब्लू' (१९९४, ध्वनिमुद्रक जिम अँडरसन) आणि डायना क्रॉल यांचा 'लाइव्ह इन पॅरिस' (२००२). पहिला मोनो आहे आणि त्याचा एक उपयोग कायमचा: दोन्ही आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यावर एका जागी उभे राहिले पाहिजेत. ते पसरट, दिशाहीन आले आणि बासही पातळ वाटला तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या जोडल्या गेल्यात. हे फार घरांत सापडतं, आणि सोडवायला दोन मिनिटं लागतात.

स्ट्रीमिंग, सीडी की एलपी?

नागपुरात एलपीची निगा अवघड आहे (खाली वाचा), म्हणून सुरुवात लॉसलेस (आवाजातलं काही न गाळणाऱ्या) स्ट्रीमिंगनं किंवा सीडीनं करा. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला १४११ किलोबिट. नीट बनवलेल्या प्रतीत एवढ्यात सगळं मावतं. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या आकड्यांमागे धावण्याआधी मास्टरिंग (मूळ टेपवरून विक्रीची प्रत बनवण्याचं काम) कोणतं आहे ते बघा. फरक तिथे पडतो.

ॲपल म्युझिकमध्ये लॉसलेस मिळतं, पण ऑडिओ क्वालिटीत जाऊन ते स्वतः चालू करावं लागतं. डॉल्बी ॲटमॉस बंद ठेवा, नाहीतर जुन्या स्टिरिओऐवजी नव्यानं केलेलं मिश्रण वाजेल. बहुतेक ब्लूटूथ हेडफोनवर लॉसलेस मूळ रूपात पोचत नाही, वायरचा हेडफोन आणि साधा यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं छोटं यंत्र) लावा. दोन आवृत्त्यांची तुलना करताना मोबाइलच्या डेसिबल मीटरनं आवाज सारखा करून घ्या. एक डेसिबलनं मोठी असलेली प्रत कानाला नेहमी चांगली वाटते आणि निकाल चुकतो.

घरी डबल बास घुमतो, एखादा सूर तर छातीवर आदळतो. स्पीकर बदलू का?

आधी टेप घेऊन खोली मोजा. धरमपेठेतला जुना बंगला असो की मनीषनगरचा फ्लॅट, १० बाय १२ ची खोली आणि वर १० फुटांवर स्लॅब हे माप हमखास भेटतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये कुठला सूर अडकतो हे काढायला ध्वनीच्या वेगाला (सेकंदाला ३४३ मीटर) अंतराच्या दुपटीनं भागा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. १२ फुटांचं उत्तर ४७. आता डबल बासची मोकळी ए तार ५५ हर्ट्झवर आहे. रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असल्यानं ५६ हर्ट्झ दुप्पट जोरानं अडकतो. पॉल चेंबर्स त्या तारेवर आले की खोली बोलू लागते. महाग स्पीकर खालचे सूर अधिक देतात, म्हणजे घुमणं वाढेल.

उपाय जागेत आहे. स्पीकर १० फुटी भिंतीकडे ठेवून लांबीच्या दिशेनं वाजवा. मागच्या भिंतीपासून ३ फूट, बाजूच्या भिंतीपासून सव्वादोन फूट, दोघांत साडेपाच फूट. बाजूचं आणि मागचं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर एकच सूर दोनदा फुगेल. ऐकणाऱ्याचं डोकं पाठीमागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणि रुंदीच्या बरोबर मध्यावर हवं. रुंदीत अडकलेला ५६ हर्ट्झ मध्यावर सर्वांत क्षीण असतो, त्याचा फायदा मिळतो. भिंतीला टेकून सोफ्यावर बसलात तर बास सर्वांत जास्त लागेल. ट्वीटर (वरचे सूर देणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. स्पीकरच्या पाठीमागे भोक असेल तर त्यात स्वच्छ मोजा गुंडाळून घाला आणि पुन्हा ऐका, बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं.

मग टाळी वाजवा. 'टर्रर्र' असं उत्तर आलं तर उघड्या भिंती आणि टाइल्स वरचे सूर फेकून देताहेत. खाली जाड सतरंजी किंवा गालिचा घाला. बाजूच्या भिंतीवरून कोणाला तरी आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसेल तिथे चार इंच जाडीची कापसाची गादी उभी करा, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून. गादी ओळखीच्या गादीवाल्याकडून भरून घेता येते, फ्रेमचं लाकूड लकडगंजात मिळतं. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल लावू नका. बासवर त्यांचा काही परिणाम नाही आणि आग लवकर पकडतात.

एप्रिल ते जूनमध्ये कूलरशिवाय बसवत नाही. मग ऐकायचं कसं?

कूलरच्या घरघरीत सर्वांत आधी ब्रश, सिम्बलचं विरणं आणि खोलीची गुंज बुडते, म्हणजे ज्यासाठी हे अल्बम घ्यायचे तेच. आवाज वाढवून ते परत येत नाही, फक्त कान थकतात. खोली तासभर आधी गार करून कूलर बंद करा आणि एलपीची एक बाजू, साधारण वीस मिनिटं, ऐका. पहाटे ५ ते ७ हा वेळ रस्त्याच्या आवाजानंही शांत असतो. भर दुपारी ऐकायचंच असेल तर कान झाकणारा बंद पाठीचा हेडफोन वापरा. उघड्या पाठीचा कितीही उत्तम असला तरी कूलर आत येतो.

नागपूरच्या उन्हात एलपी टिकतात का?

टिकतात, पण बेफिकिरी चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या कारच्या आत त्याहून कितीतरी अधिक. प्लॅस्टिक मऊ पडून रेकॉर्ड पंधरा-वीस मिनिटांतही वाकू शकते. मागवायच्या तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. पश्चिमेच्या भिंतीला लागून रॅक नको, ती भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. रेकॉर्ड नेहमी उभ्या, सैलही नाही आणि कोंबूनही नाही. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात.

कूलरची हवा थेट रॅकवर सोडू नका. दमटपणानं कव्हरला बुरशी लागते आणि पावसाळ्यात ती रेकॉर्डवर उतरते. कागदी आतली पाकिटं काढून पॉलिथिन अस्तराची घाला. धुण्यासाठी ७५० मिलि डिस्टिल्ड वॉटर, २५० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल, वर भांडी धुण्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं फिरवा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन सावलीत वाळवा. हे मिश्रण जुन्या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना लावू नका, अल्कोहोलनं लाख विरघळते.

मुलानं अमेरिकेहून टर्नटेबल आणलंय. इथे चालेल?

पाठीवरची पट्टी वाचा. '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरेल, फ्रिक्वेन्सी बदलणार नाही. एसी सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो) आपल्या ५० हर्ट्झवर सहापैकी पाच भाग वेगानंच फिरते, ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे. माइल्स डेव्हिस तीन अर्धस्वर खाली जाऊन झोपाळल्यासारखे वाजतील. काही मॉडेलांना ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळते. डीसी मोटरचं आणि ॲडॅप्टरवर '१००-२४०' लिहिलेलं असेल तर फक्त पिनचा कन्व्हर्टर पुरे.

स्पीकरमधून सतत 'हूं' येतो, लाइट गेल्यावर तर जास्तच. कशामुळे?

टर्नटेबलची बारीक अर्थ वायर ॲम्पच्या 'जीएनडी' स्क्रूला घट्ट लावली आहे का, ते आधी बघा. मग ॲम्प, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एकाच बोर्डावर आणा. वेगवेगळ्या अर्थिंगवरून जोडलेली यंत्रं आपसात गुणगुणतात. केबल टीव्हीची वायर काढल्यावर आवाज थांबला तर दोषी तीच. लाइट गेल्यावर वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर त्यावर घुरघुरतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच त्यावर ॲम्प चालवा. नाहीतर लाइट येईपर्यंत बंद ठेवा आणि बॅटरीवरच्या मोबाइलला वायरचा हेडफोन लावून 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ऐका. कूलर बंद असतो, त्यामुळे ब्रश तेव्हा अधिकच स्वच्छ ऐकू येतात.